हुपरीकरांच्या घरातले चार अंश

एक्केचाळीस घरांपैकी चाळीस घरं शहाण्यासारखी वागत होती. सतरा नंबरचं घर तेवढं हट्टाला पेटलं होतं.

निरभ्र या वेधशाळेच्या वसाहतीतल्या बांधकाम प्रयोगशाळेत भिंतभर एक पडदा होता आणि त्यावर प्रत्येक घराचा एक चौकोन. चौकोनात त्या घराच्या आतलं तापमान. बाहेर लडाखच्या पठारावर डिसेंबरची सकाळ होती, उणे तेवीस अंशांची. चाळीस चौकोन एकोणीस-वीसच्या आसपास हिरवेगार दिसत होते. सतरा नंबरचा पिवळा होता. पंधरा पूर्णांक आठ.

"चार दिवसांपूर्वी तू तिथून निघालास तेव्हा किती होतं?" डॉ. पद्मा आंगमोंनी विचारलं. त्या बांधकाम विभागाच्या प्रमुख. ही घरं त्यांनीच आखलेली. पुण्यात शिकायला सहा वर्षं काढल्यामुळे त्या मराठी बोलत, आणि तीही पुणेरीच.

"एकोणीस पूर्णांक सहा," शर्विल सातपुते म्हणाला. तो वसाहतीचा ऊष्मा-तपासनीस. वय एकोणतीस, अंगावर सदैव तेच निळं जाकीट.

"आणि नोव्हेंबरमध्ये राहून आलास तेव्हा?"

"तेव्हाही तेच. मी असेपर्यंत ठणठणीत. मी निघालो की तीन दिवसांत घसरत घसरत पंधरावर."

"म्हणजे घर तुला घाबरतं," आंगमो म्हणाल्या. "बरं आहे. या वसाहतीत तुला घाबरणारं कुणीतरी निघालं."

शर्विल हसला नाही. अठरा तारखेपर्यंत ज्या घराची सलग सात दिवसांची सरासरी अठरा अंशांच्या वर जाणार नाही, ते घर हिवाळ्यापुरतं बंद करायचं आणि त्यातल्या माणसांना वीस तारखेच्या शेवटच्या हेलिकॉप्टरनं खाली पाठवायचं, असा नियम होता. त्यानंतर मार्चपर्यंत वर येणं नाही, खाली जाणं नाही. सतरा नंबरमध्ये मंदार आणि पल्लवी हुपरीकर राहत होते. मंदारकाका आरसे घासणारे कारागीर. वेधशाळेच्या नव्या दुर्बिणीचा आरसा त्यांनी अकरा वर्षं घासला होता, केसाच्या हजाराव्या भागाइतकी खोटही सहन न करता. फेब्रुवारीत त्या आरशावर पहिल्यांदा ताऱ्याचा प्रकाश पडणार होता. त्या वेळी काका इचलकरंजीत पुतण्याच्या घरी टीव्हीसमोर बसलेले असतील, ही कल्पनाच शर्विलला सोसत नव्हती.

वसाहतीतली घरं काही साधी नव्हती. दुर्बिणीच्या आसपास ऊन हवेचे लोट उठले तर आरशातली ताऱ्याची प्रतिमा थरथरते. त्यामुळे पठारावर धूर नाही, बुखारीची शेगडी नाही, हीटर नाही. वीज फक्त दिव्याला, स्वयंपाकाला आणि हवा खेळती ठेवणाऱ्या छोट्या पंख्याला पुरेल एवढीच, आणि ती वाढवून मिळण्याची सोय तारांतच नव्हती. मग घर तापवायचं कुणी? तर राहणाऱ्यांनी. माणूस नुसता बसून राहिला तरी त्याच्या अंगातून शंभर वॉट ऊब बाहेर पडते, जुन्या काळच्या पिवळ्या बल्बइतकी. एरवी ती फटींतून, छपरातून, उघड्या खिडकीतून वाहून जाते आणि आपल्याला तिचा पत्ताही लागत नाही. आंगमोंनी घराला फटच ठेवली नव्हती. दीड हात जाडीच्या भिंतींत मेंढीची लोकर दाबून भरलेली, खिडकीला काचांचे चार पदर, सांधे चिकटपट्टीनं मिटवलेले. शिळी हवा ऊष्मा-विनिमयकातून बाहेर जाई, आणि जाता जाता आपली ऊब आत येणाऱ्या ताज्या हवेच्या हवाली करी. दिवसभराचं ऊन, स्वयंपाक आणि माणसांची अंगं, एवढ्यावर घर वीस अंशांवर राही.

त्याच दिवशी दुपारी शर्विल चौथ्यांदा हुपरीकरांकडे गेला. पहिलं दार उघडून मधल्या चिंचोळ्या खोलीत शिरायचं, ते दार पक्कं लावायचं, गारठलेले कोट-बूट तिथंच ठेवायचे आणि मगच दुसरं दार उघडायचं, अशी तिथली पद्धत. पल्लवीकाकू आत दोन स्वेटर आणि शाल लपेटून बसल्या होत्या. त्याला पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"आलास? बस की. कालच भडंग केलंय. मिरच्या जरा जास्तच करपल्यात, पण तुला चालतं."

"काकू, आधी काम करू दे."

त्यानं दाराच्या चौकटीत पंखा बसवला, घरातली हवा ओढून काढली आणि धुराची नळी घेऊन एकेक सांधा तपासला. कुठं फट असेल तर बाहेरची हवा तिथून आत घुसते आणि नळीतला धूर थरथरतो. धूर कुठंच हलला नाही. खिडक्या, छप्पर, मोरीचा नळ, सगळं पक्कं. अशा बंदोबस्ताच्या घरातून ऊब जाणार कुठं? शर्विलला एकच उत्तर सुचत होतं आणि ते विचारायला तो तिन्ही वेळा कचरला होता. आज तो बोलून बसला.

"काकू, रागावू नका. पण मी गेल्यावर तुम्ही खिडकी उघडता का? कोंडल्यासारखं होतं म्हणून?"

काकूंच्या हातातला डबा तसाच राहिला. "मी? या थंडीत? हे बघा, काय म्हणतोय हा."

मंदारकाका कोपऱ्यात खुर्चीवर बसून गुडघ्यावर तेल चोळत होते. "अरे, ही इचलकरंजीत जानेवारीत पंखा लावू द्यायची नाही," ते म्हणाले. "आणि इथं खिडकी उघडेल?"

"मग मला कळतच नाही," शर्विल म्हणाला.

"नसेल कळत," काकू म्हणाल्या. "पण न कळणं वेगळं आणि आम्हाला खोटं पाडणं वेगळं. चार वेळा आलास, पोटच्या पोरासारखं केलं तुझं."

शर्विलचे कान लाल झाले. तो भडंग खाऊ लागला. मिरच्या खरंच करपल्या होत्या. खाता खाता समोरच्या भिंतीवरच्या आकड्याकडे त्याचं लक्ष गेलं. तो आला तेव्हा तिथं पंधरा पूर्णांक आठ होतं. आता सोळा होतं. नुकताच त्यानं स्वतः पंखा लावून घरातली हवा बाहेर ओढली होती. आकडा खाली यायला हवा होता, आणि तो वर गेला होता. खोलीत बदललेली गोष्ट एकच होती, आणि ती भडंग खात होती.

तो ताडकन उठला आणि भडंग तसंच टाकून मधल्या खोलीत गेला. मग जाकीट अंगात अडकवत परत आत डोकावला, "काकू, माफ करा, तुम्ही खरं बोलताय," एवढं म्हणाला आणि प्रयोगशाळेकडे धावत सुटला. त्या उंचीवर धावायचं नसतं. पोहोचेपर्यंत त्याला धाप लागली होती.

"मॅडम, सतरा नंबरचा मूळ अर्ज काढा."

आंगमोंनी अर्ज पडद्यावर आणला. दोन वर्षांपूर्वी प्रत्येक कुटुंबाकडून भरून घेतलेला. त्या आकड्यावरच भिंतीची जाडी, खिडकीचं माप, खोल्या, सगळं ठरलं होतं. हुपरीकरांच्या अर्जात 'घरात राहणारी माणसं' यापुढे पल्लवीकाकूंच्या टपोऱ्या अक्षरात तीनचा आकडा होता.

"तीन?" आंगमो पुढे झुकल्या. "राहतात तर दोघंच."

"मी तिथं राहायला गेलो की तीन होतात. माझेच शंभर वॉट. घर बिघडलेलं नाहीच, मॅडम. घर तिघांचं आहे आणि आत माणसं दोन आहेत."

आंगमोंनी कागदावर झरझर आकडे मांडले. "एक अंश टिकवायला या घराला चोवीस वॉट लागतात. शंभर वॉट कमी म्हणजे चार अंशांहून थोडं जास्तच." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "एक माणूस म्हणजे चार अंश. आणि आपण तीन महिने फटी शोधतोय! पण हा तिसरा कोण? मुलगा आहे त्यांना?"

"मूलबाळ नाही."

दोघं मिळूनच सतरा नंबरला गेले. प्रश्न ऐकून पल्लवीकाकूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की असं कुणी विचारतं का.

"आम्ही दोघं आणि येणारंजाणारं एक," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?" आंगमोंनी विचारलं. सहा वर्षांत हे काही त्यांच्या कानावर आलं नव्हतं.

"म्हणजे काय म्हणजे? घर म्हटलं की कुणीतरी येणारच. भात टाकताना आम्ही दोघांचा कधी टाकला नाही. इचलकरंजीत तर रोज कुणी ना कुणी पंगतीला असायचंच. ह्यांच्या कारखान्यातलं, गल्लीतलं, गावाकडून दवाखान्यासाठी आलेलं. इथं जुन्या बराकीत होतो तेव्हासुद्धा. मग अर्जात दोनच लिहायची? तिसऱ्यानं बसायचं कुठं?"

आंगमोंनी ओठ आवळले. त्यांना हसू येत होतं आणि ते फार काळ आवरेल असं दिसत नव्हतं.

"पण काकू, मग आता कुणी येत नाही का तुमच्याकडे?" शर्विलनं विचारलं.

"कोण येणार? दारावर तुम्हीच पाटी लावली ना, 'दार कमीत कमी उघडा, ऊब वाचवा.' प्रत्येकाला वाटतं, आपण गेलो तर समोरच्याची ऊब जाईल. ही दुर्बीण उभी राहायच्या आधी बराकीत सगळी एकमेकांच्या चुलीपाशी असायची. या घरांत आल्यापासून मी नोर्बूच्या बायकोचं तोंडसुद्धा पाहिलेलं नाही, आणि ती शेजारी राहते."

चूक अशी होती. तिच्यात फसवणूक नव्हती, हलगर्जीपणाही नव्हता. एका बाईनं आपल्या उभ्या आयुष्याच्या अनुभवावरून माणसं मोजली होती आणि नेमकं त्याच घरानं त्या माणसांचं येणं बंद केलं होतं.

"आता मी आठवडाभर इथंच राहतो," शर्विल म्हणाला. "अठरा तारखेपर्यंत सरासरी निघेल."

"निघेल, पण धरता येणार नाही," आंगमो म्हणाल्या. या वेळी त्या हसत नव्हत्या. "तपासनिसाच्या अंगाची ऊब आकड्यातून वजा करायची, असं मीच नियमात लिहिलंय. आधीच्या तीन वेळी तू केली नाहीस, कारण तुझ्या लक्षात आलं नाही. आता आलंय."

शर्विलचा चेहरा पडला. खोटा आकडा लिहिणं त्याच्या एका बोटाचं काम होतं, आणि ते आपल्या हातून होणार नाही हेही त्याला ठाऊक होतं. काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "असू दे रे. अकरा वर्षं घासला आरसा. तो काय मला विसरणार आहे?" असं म्हणून ते मोरीत तोंड धुवायला गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी काकांनी स्वतःपुरता एक उपाय काढला. व्यायाम करणारा माणूस तिप्पट ऊब टाकतो, हे त्यांना कुठून तरी कळलं. एकोणसत्तराव्या वर्षी ते खोलीतल्या खोलीत दोन तास पाय आपटत चालले. घर अर्ध्या अंशानं चढलं आणि गुडघा सुजून नारळाएवढा झाला. काकूंनी त्यांना खुर्चीत बसवलं आणि अशी काही बोलणी ऐकवली की ती शेजाऱ्यांनाही ऐकू गेली असती, घर हवाबंद नसतं तर.

शर्विल मात्र आकड्यांना चिकटून बसला होता. दार उघडलं की ऊब जाते, हे खरं. पण किती? मधल्या खोलीमुळे एका पाहुण्याच्या येण्याजाण्यात मिळून चाळीस वॉट-तास जात होते. पाहुणा मात्र तासाला शंभर देत होता. म्हणजे तो चोवीस मिनिटं बसला की त्यानं उघडलेल्या दाराची भरपाई झाली. त्यापुढचं प्रत्येक मिनिट घराच्या फायद्याचं.

"म्हणजे जो दारातूनच परत जातो तो नुकसान करतो," आंगमो म्हणाल्या, "आणि जो बसतो तो नाही. माझ्या पुण्याच्या घरमालकीण बाई चहा घेतल्याशिवाय उठू द्यायच्या नाहीत. त्यांचं भौतिकशास्त्र माझ्यापेक्षा पक्कं होतं."

"रोज आठ माणसं तीन-तीन तास बसली, तर तिसऱ्या माणसाची दिवसभराची ऊब जवळजवळ भरून निघते. पाहुणे नियमात चालतात का?"

"पाहुण्यांबद्दल नियमात काहीच नाही. नियम मी लिहिले आणि मला पाहुणे आवडत नाहीत, म्हणून सुचलंच नाही. 'घर नेहमीसारखं वापरात असताना मोजणी करावी,' एवढंच लिहिलंय." त्यांनी चष्मा पुसला. "हुपरीकरबाईंचं नेहमीसारखं म्हणजे येणारंजाणारं धरून. चालेल."

अडचण काकूंची होती. "आमचं घर तापवायला या, असं मी कुणाला सांगणार नाही," त्यांनी निक्षून सांगितलं. "जायचं तर जाऊ खाली. पण पदर पसरणार नाही."

"तापवायला नका बोलवू. पत्ते खेळायला बोलवा," शर्विल म्हणाला.

काकांचे डोळे चमकले. बराकीत त्यांचा मेंढीकोटाचा अड्डा प्रसिद्ध होता. लडाखी, तमिळ, बंगाली, सगळ्यांना त्यांनी हुकूम लावायला शिकवलं होतं. काकांनी वसाहतीच्या फलकावर निरोप टाकला, की अकरा तारखेपासून रोज दुपारी चार ते सात सतरा नंबरला पत्ते होतील आणि भडंग मिळेल. दारावरच्या पाटीखाली शर्विलनं आणखी एक ओळ चिकटवली, 'आलात तर अर्धा तास तरी बसा.'

पहिल्या दिवशी नेमके आठ जण आले. वेधशाळेतली ही माणसं रात्री कामावर जाणारी, दुपारी मोकळी. नोर्बू आला, खालच्या रांगेतली सेल्वी आली, यंत्रशाळेचे बिस्वास आले. दोन डाव मांडले. तासाभरात काकूंनी शाल काढली, सहाला एक स्वेटर. काका हुकूम पाडताना इतके जोरात ओरडले की शिळी हवा ओळखून चालणाऱ्या पंख्यानं आपला वेग वाढवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आठ. तिसऱ्या दिवशी आठच, पण त्यातले तिघं नवे. चौकोनातला आकडा सोळा, सतरा करत निघाला आणि तिसऱ्या संध्याकाळी अठरा ओलांडून गेला.

"एक मात्र मला कळत नाही," काकू शर्विलला म्हणाल्या. "नोर्बू येतो तेव्हा त्याची बायको येत नाही, आणि ती येते तेव्हा तो येत नाही. सेल्वीचंही तसंच. इथं सगळ्या नवराबायकोंची भांडणं झालीत की काय?"

"घर लहान आहे ना, म्हणून असेल," शर्विल म्हणाला. त्यानं त्यावर जास्त विचार केला नाही. तो आकड्यावर नजर ठेवून होता.

अठरा तारखेला दुपारी सात दिवसांची सरासरी निघाली. अठरा पूर्णांक एक. आंगमोंनी प्रमाणपत्रावर सही केली, पुन्हा एकदा आकडा पाहिला आणि दुसरी सहीही केली, जिची काही गरज नव्हती. शर्विलला इतका आनंद झाला की त्यानं मॅडमना चक्क मिठी मारली.

"पुरे," आंगमो म्हणाल्या. "ते बघ आधी."

पडद्यावर आठ चौकोन बदलले होते. हिरवेच होते, पण जरा फिके. बारा, अठरा, एकवीस, सव्वीस आणि आणखी चार. शर्विलनं आठवड्याभराचे आकडे काढले. आठही घरं अकरा तारखेपासून हळूहळू उतरली होती. बाकीची बत्तीस घरं जिथल्या तिथं.

"एकाच आठवड्यात आठ घरांत गळती?" तो म्हणाला. "सांध्यांची चिकटपट्टी सुटत असेल. मॅडम, ही पट्टी सगळ्याच घरांत आहे."

त्यानं पंखा आणि धुराची नळी उचलली आणि तडक अठरा नंबर गाठला. दार नोर्बूनं उघडलं. आत त्याची बायको डोल्मा लोकर विंचरत बसली होती.

"गळती?" नोर्बू म्हणाला. "गळती नाहीये. ठेव ते यंत्र."

"तुमचं घर अर्ध्या अंशानं उतरलंय."

"उतरणारच. आम्ही पत्त्यांना जातो ना."

शर्विल नळी हातात धरून तसाच उभा राहिला. मग त्याच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला, आणि इतके दिवस तो पडला नव्हता याची त्याला लाज वाटली. ऊब कुणी नव्यानं निर्माण करत नाही. नोर्बूचे शंभर वॉट तीन तास सतरा नंबरमध्ये होते, म्हणजे तेवढे तीन तास ते अठरा नंबरमध्ये नव्हते. चार अंश आले कुठून? आठ घरांतून, प्रत्येकी अर्धा. आठ अर्धे चार. शाळेतल्या पोरानं सोडवावं असं गणित, आणि ऊष्मा-तपासनीस गळती शोधत फिरत होता.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्याच संध्याकाळी कळलं," डोल्मा म्हणाली. "हा परत आला तर आकडा खाली. भिंतीवरच दिसतो. मग सेल्वीला विचारलं, तिच्याकडेही तसंच. तेव्हा आम्ही बायकांनी बसून ठरवलं. एका घरातून एकानंच जायचं, तीन तासच बसायचं, आणि रोज आठच. दोघं गेलो तर आपलंच घर अठराच्या खाली येईल. अर्ध्या अंशाला काय, एक पायमोजा जास्त घालायचा."

"पण तुम्ही कुणी बोलला नाहीत."

"बाईंना कळलं असतं तर त्यांनी डाव बंद केला असता," नोर्बू म्हणाला. "ओळखतो आम्ही त्यांना. अकरा वर्षं त्यांच्या हातचं खातोय."

शर्विल यंत्रं उचलून बाहेर पडला, आणि समोरून पल्लवीकाकू येताना दिसल्या. अंगावर जाड कोट, हातात भडंगाचा डबा.

"काकू! कुठं निघालात?"

"नोर्बूकडे. तीन तास बसणार आहे. आज सकाळी सेल्वी बोलता बोलता सांगून गेली, त्यांच्या घरात आता जरा गार वाटतं म्हणून. मी काय वेडी आहे? गरम झालो आम्ही आणि गार झाले ते. लगेच कळलं मला."

"पण आता प्रमाणपत्र मिळालंय, काकू. आणि तुम्ही गेलात की तुमचं घर उतरणार. त्यांचं अर्धा अंश चढेल, तुमचं अर्धा उतरेल. एकूण ऊब तेवढीच. मग फायदा काय?"

"फायद्यासाठी कोण जातंय? नुसतं येणंच असतं का रे? जाणंही असतं. उद्या सेल्वीकडे, परवा बिस्वासांकडे. ह्यांना घरी ठेवलंय, दोघं गेलो तर घर फारच गारठेल. एकटे बसलेत बिचारे, गुडघा धरून."

शर्विल तिथंच उभा राहून विचार करू लागला. तो तपासनिसांच्या वसतिगृहात राहत होता. मोठी इमारत, चोवीस जण. तो दिवस दिवस बाहेर राहिला तरी तिथला आकडा जेमतेम हलत असे. पडद्यावर तर तो कधी दिसलाही नव्हता. चार वर्षं तो तिथं होता. त्याच्या असण्यानसण्यानं त्या इमारतीला कधी काही फरक पडला नव्हता, आणि आतल्या माणसांनाही फारसा नाही. पण इथं, शेजारच्या सतरा नंबरमध्ये, तो तीन वेळा राहून गेला आणि तिन्ही वेळा त्याच्यामागे घर चार अंशांनी उतरलं होतं. हे त्यानं स्वतःच मोजलं होतं, तीन महिने, दशांश चिन्हापर्यंत, आणि त्याला बिघाड म्हणत होता.

"तुम्ही या जाऊन," तो म्हणाला. "तोवर मी बसतो काकांपाशी."

"तुझी ऊब वजा करतात ना?"

"मोजणी संपली, काकू. आता मी नुसता आलोय."

काकूंनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. मग हातातला डबा त्याला दिला, परत घेतला, त्यातलं मूठभर भडंग त्याच्या हातावर ठेवलं आणि नोर्बूच्या दाराकडे वळल्या. दोन पावलांवर जाऊन त्या थांबल्या.

"ह्यांना म्हणावं कुकर लावा," त्या म्हणाल्या. "आणि भात तिघांचा टाका."